उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर

सरकारी दवाखाना बंद पडता कामा नये, ह्या विषयावर आमच्या दहिवलीत जितके एकमत आहे, तितकेच एकमत त्या दवाखान्यात आपण स्वतः पाऊल टाकता कामा नये, ह्या विषयावरही आहे. आणि ही दोन्ही एकमते एकाच गृहस्थाच्या ठिकाणी, एकाच वेळी, परस्परांस यत्किंचितही धक्का न लावता सुखाने नांदू शकतात, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने कोणत्याही संध्याकाळी उल्हास नदीच्या पुलावरून चालत अलीकडे यावे आणि पहिला भेटेल त्या कट्ट्यावर प्रकृतिमानाचा विषय काढावा. ज्या गृहस्थाने आदल्याच दिवशी जावयाच्या ओळखीने बदलापूर गाठून पोटाची सोनोग्राफी करून घेतलेली असते, तोच गृहस्थ सरकारी दवाखान्यांच्या दैन्यावस्थेबद्दल अशा काही कळवळ्याने बोलू लागतो की, ऐकणाऱ्यास वाटावे, ह्याची सारी हयात त्या दवाखान्याच्या बाकावरच गेली असली पाहिजे.

दहिवली म्हणजे काही आडरानातले खेडे नव्हे. महसुली दप्तरात तिचे पूर्ण नाव ‘दहिवली तर्फे नीड’ असे आहे. कारण ह्याच तालुक्यात नेरळच्या बाजूस ‘दहिवली तर्फे वरेडी’ ह्या नावाची दुसरी एक दहिवली नांदत असून, एकीने केलेल्या अर्जाचे उत्तर दुसरीस जाण्याची सोय अशा रीतीने फार पूर्वीच होऊन बसली आहे. आमची दहिवली कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते; पलीकडे स्टेशन, आणि स्टेशनापासून मुंबई शंभर किलोमीटर. ह्या लोहमार्गाने आमच्या आरोग्यविषयक कल्पनांस असे काही वळण लावले आहे की, आजाराचे गांभीर्य आम्ही थर्मामीटरवर न मोजता स्थानकांवर मोजतो. सर्दीपडसे कर्जतच्या खाजगी डॉक्टरकडे बरे होते. मूतखडा बदलापुरापर्यंत जातो. हाड मोडल्यास कल्याण. आणि ज्याचा आजार लोकलमध्ये बसून थेट परळास, केईएमच्या दारापर्यंत पोचला, त्याच्याकडे आळीतील माणसे एका निराळ्याच आदराने पाहू लागतात. जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अर्थातच जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अलिबागेस आहे. परंतु खालापूर, पेण, वडखळ अशी मजल दरमजल करीत तेथवर जाण्याइतकी ज्याची प्रकृती उत्तम आहे, त्यास रुग्णालयाची गरज उरत नाही. सबब अलिबागेस आमच्याकडून माणसे सहसा जात नाहीत, कागद जातात.

ह्या कागदांचा उगम कसा होतो, हे सांगण्याजोगे आहे. आरोग्यरक्षणाची चळवळ जन्मास येण्याकरिता कोणते तरी पद रिक्त व्हावे लागते. डॉक्टर जोवर रुजू असतो तोवर तो उशिरा येतो, लवकर जातो, गोळ्या एकाच रंगाच्या देतो आणि रुग्णाकडे न पाहता केसपेपराकडे पाहतो, अशा त्याच्याबद्दल तक्रारी असतात. परंतु त्याच्या बदलीचा हुकूम आला रे आला की तोच डॉक्टर एका रात्रीत देवमाणूस होतो. त्याच्या हाताला गुण होता, ह्याची आठवण त्याच्याकडे कधीही न गेलेल्या लोकांस सर्वांत आधी येते. ‘साहेबांची बदली रद्द झालीच पाहिजे’ अशी घोषणा निघते, आणि साहेबांनी स्वतःच ती बदली दोन वर्षे खटपट करून, गावाकडील म्हाताऱ्या आईचे कारण दाखवून मिळविलेली असल्यास त्या बिचाऱ्यांची स्थिती मोठी अवघड होते: सत्कार स्वीकारावा तर जाता येत नाही, आणि जावे तर हार घेऊन दारात माणसे उभी!

त्यानंतर समिती. तिच्या नावात ‘बचाव’, ‘संघर्ष’ आणि ‘कृती’ ह्या शब्दांपैकी किमान दोन असावेच लागतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, प्रसिद्धिप्रमुख आणि सल्लागार मंडळ ह्यांच्या नेमणुका पहिल्याच बैठकीत बिनविरोध होतात, आणि त्या आटोपल्यावर असे लक्षात येते की, साधा सभासद म्हणावा असा मनुष्य ह्या समितीत कोणीच राहिलेला नाही. निवृत्त तलाठी असतात, वकील असतात, मास्तर असतात. रुग्णालयात औषधे मोफत मिळालीच पाहिजेत, ही मागणी सर्वांत चढ्या स्वराने मांडणारे गृहस्थ औषधविक्रेते असतात, आणि त्यांच्या निःस्वार्थ बुद्धीचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. नसतो तो एक रुग्ण. त्यास बोलावू नये असे कोणाच्या मनात नसते. पण बैठक सकाळी भरते, आणि रुग्ण त्या वेळी रांगेत असतो.

चळवळ ही गोष्ट ह्या तालुक्यास नवी नाही. माथेरानच्या भाई कोतवालांनी गोरगरिबांसाठी शाळा काढल्या, शेतकऱ्यास सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्याची कोठारे उभी केली, १९४२ साली सहकाऱ्यांसह मुंबईस वीज नेणारे मनोरे जमीनदोस्त केले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह देह ठेवला. ज्या मातीतील माणसांनी साम्राज्याची वीज तोडून दाखविली, त्याच मातीतील आम्हां वारसांस आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर एक दिवा लावून घेण्यासाठी निवेदन द्यावे लागते, आणि ते दिल्यावर आमची छाती मात्र मनोरा पाडल्याइतकीच फुगते.

निवेदनाचा मसुदा मास्तर करतात. ‘वरील विषयास अनुसरून’ येथे तो सुरू होतो आणि ‘अन्यथा लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील’ येथे संपतो. हे शेवटचे वाक्य आपल्या राज्यातील यच्चयावत निवेदनांत अक्षरशः हेच असते. ते नसल्यास कागद अपुरा म्हणून परत येईल की काय, अशी मास्तरांस भीती वाटते. मध्यंतरी ज्या काही दोनचार ओळी उरतात, त्यांत मागणी बसवितात. मागणीखाली प्रतींची यादी: मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, प्रांताधिकारी, तहसीलदार आणि सर्वांत शेवटी, आंदोलन छेडण्याचा प्रसंग आलाच तर कल्पना असावी म्हणून, पोलीस ठाणे. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर हा प्रश्न खरोखरी पडलेला असतो त्याचे नाव ह्या यादीत बहुधा नसते. त्यास ही बातमी वर्तमानपत्रातून कळते.

निवेदन देण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. कर्जत आणि खालापूर ह्या दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय कर्जतेसच असल्याने आम्हांस तेवढे सुख आहे. कागद एक आणि हात अकरा. अधिकाऱ्याच्या वाट्यास कागदाचा उजवीकडचा कोपरा तेवढा येतो. बाकीचा कागद समितीच्या ताब्यात असतो. आणि ज्यांचे हात पोचत नाहीत ते पुढल्याच्या कोपरास स्पर्श करून आपला संबंध प्रस्थापित करतात. कोणीही कागदाकडे पाहत नाही; सर्वांची दृष्टी समोरच्या मोबाइलवर. तेवढ्यात मागून कोणीतरी ‘थांबा, अप्पा यायचेत!’ असे ओरडतो. अप्पा जिन्यात असतात. अप्पा येईपर्यंत अधिकारी तो कोपरा धरून हसतमुखाने उभे राहतात; आणि शासन आपल्या दारी किती काळ तिष्ठत उभे राहू शकते, ह्याचे ते दृश्य पाहून आमचे मन भरून येते.

दुसऱ्या दिवशी बातमी. ह्या जिल्ह्यातील वृत्तपत्रव्यवसायाचा इतिहास तेजस्वी आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा प्रदीर्घ संप चालू असताना, १९३७ साली, अलिबागेस ‘कृषीवल’ जन्मास आला. म्हणजे बातमी ही भांडणाऱ्या माणसाची गरज म्हणून येथे वाढलेली आहे. आज छापील पानांवर, स्थानिक साप्ताहिकांत आणि मोबाइलच्या गटांत मिळून आमच्याकडे बातमीला तोटा नाही. तोटा आहे तो बातमीतल्या क्रियापदाला. मथळ्यात ‘निवेदन सादर’ असते, त्याखाली छायाचित्र, त्याखाली उपस्थितांची नावे, त्यांच्या हुद्द्यांसह, पाऊण स्तंभभर, त्याखाली ‘आदी मान्यवर’, आणि अगदी तळाशी, जाहिरातीच्या चौकटीस डोके टेकून, ‘तसेच रिक्त पदे भरण्याची मागणी करण्यात आली’ हे एक वाक्य. एखाद्या अंकात जागा कमी पडली तर उपसंपादक हे वाक्य गाळतो. नावे गाळण्याचे धाडस त्यास होत नाही, आणि ते योग्यच आहे; कारण डॉक्टर आला नाही तर कोणी दूरध्वनी करीत नाही, परंतु नाव आले नाही तर रात्री अकरा वाजता करतात.

इकडे मूळ कागद प्रवासास निघालेला असतो. प्रथम त्यास बारनिशीत आवक क्रमांक पडतो व पोच मिळते. पोच मिळाली की समितीच्या लेखी निम्मे काम फत्ते झालेले असते. मग त्यावर ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडून तो पुढच्या मेजावर सरकतो, आणि येथे खरी मौज सुरू होते. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे ही जिल्हा परिषदेची, त्यांचे धनी जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये ही राज्य शासनाची, त्यांचे धनी जिल्हा शल्यचिकित्सक. गावातील गटारे आणि डास ही नगरपरिषदेची मालमत्ता. आणि शासकीय रुग्णालयाच्या छपराची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. कर्जतच्या पावसात छप्पर गळू लागले म्हणजे गळणारे पाणी एका खात्याचे, ज्याच्या अंगावर ते पडते तो रुग्ण दुसऱ्या खात्याचा, आणि त्यातून होणारा हिवताप तिसऱ्या खात्याचा, अशी निर्विवाद वाटणी असते. वादाचा विषय एवढाच उरतो की, खाली ठेवावयाची बादली कोणत्या लेखाशीर्षाखाली खरेदी करावी. ‘सदर बाब ह्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने’ असे उत्तर घेऊन कागद परत येतो, तेव्हा त्याच्या अंगावर इतके शेरे, शिक्के आणि सह्या असतात की, मूळचे निवेदन त्यांच्या खाली शोधावे लागते.

आता इतकी यातायात ज्यासाठी करावयाची, तो दवाखाना मुळात आला कोठून? भोर म्हटले की आम्हां कर्जतकरांस घाट आठवतो, ज्यातून १८६३ साली रेल्वे पुण्याकडे चढू लागली. परंतु सर जोसेफ भोर नावाचे एक सनदी अधिकारीही होऊन गेले, आणि त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली असा अहवाल दिला की, औषधोपचार हा मनुष्याच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये व निदान आरंभी तरी दर ४०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. आजचा दंडक ३०,००० लोकांमागे एक, आणि डोंगरी व आदिवासी भागांत २०,००० लोकांमागे एक असा आहे. त्या हिशेबातूनच आमच्या तालुक्यात नेरळ, कळंब, कडाव, मोहिली, आंबिवली आणि भीमाशंकरच्या पायथ्याचे खांडस येथे आरोग्य केंद्रे आली, कशेळ्यास ग्रामीण रुग्णालय आले, कर्जतेस उपजिल्हा रुग्णालय झाले, आणि शेजारच्या खालापुरात चौकास ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतून जी बाई चिखल तुडवीत बाळंतपणास खाली येते, तिच्याकरिता आजाराची मोजपट्टी स्थानकांची नसते. तिचे बदलापूर, कल्याण आणि परळ मिळून जे काही आहे, ते हेच एक कौलारू अथवा सिमेंटाचे घर.

अशा घरातून काय निघू शकते, ह्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉक्टर हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे दगावत. बावस्कर दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास टिपत राहिले, आणि त्या टिपणांतून पुढे प्राझोसिन ह्या रक्तदाबावरील गोळीचा उपाय निघाला. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, जगभर गाजले, आणि २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांनी विंचवाविरुद्ध कृती समिती स्थापन केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

समाजसेवेची आमची पद्धत निराळी आहे. तिचे दोन प्रकार: शिबिर आणि फळवाटप. शिबिर हे पुढाऱ्यांच्या वाढदिवसास भरते. त्यात रक्तदाब तपासून घेणाऱ्यांत तीच ती निवृत्त मंडळी असतात, ज्यांनी गेल्या महिन्यातील दुसऱ्या पक्षाच्या शिबिरातही रक्तदाब तपासून घेतला होता, आणि दोन्ही ठिकाणचे आकडे ताडून पाहून कोणत्या पक्षाचे यंत्र प्रामाणिक, ह्यावर ती पुढे महिनाभर वाद घालतात. फळवाटपाचे शास्त्र ह्याहून सूक्ष्म आहे. रुग्णाने खाटेवर बसते व्हावे, एका हातात केळे किंवा सफरचंद धरावे, आणि चेहऱ्यावर कृतज्ञता असावी, परंतु प्रकृती फार सुधारल्यासारखी दिसू नये. सलाईन चालू असल्यास उत्तम. एखाद्या पंधरवड्यात दोनतीन नेत्यांचे वाढदिवस लागोपाठ आले, तर त्या वॉर्डात केळ्यांचे असे काही पीक येते की, खाटेवरील म्हातारा उशाखाली फण्या दडवितो आणि भेटीस आलेल्या नातवंडांस वाटून टाकतो; आणि ज्यास जुलाबासाठीच दाखल केले आहे तो, हातात केळे घेऊन, ‘हे खाऊ का?’ असे परिचारिकेस विचारतो. ती म्हणते, ‘बाबा, फोटो होईपर्यंत धरा. मग माझ्याकडे द्या.’

ह्या गडबडीत, कोणाचे फारसे लक्ष नसताना, आमच्या तालुक्यात आणखी एक प्रकार घडला, त्याची हकीकत सांगितली पाहिजे. कारण ती बातमीत फार थोडी आली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, आणि त्यात अशी एक तजवीज होती की, सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच देखरेख करावी. महाराष्ट्रात २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे ह्या पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ ह्या नावाने हे काम निघाले. पुढे इतर जिल्ह्यांबरोबर रायगडही त्यात आला, आणि कर्जतेत ‘दिशा केंद्र’ ह्या संस्थेने ते हाती घेतले. कामाची रीत अगदी नीरस. गावातील माणसांनी ठरलेले प्रश्न घेऊन उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात जायचे: नर्स गावात आली का, लस वेळेवर टोचली का, औषधे आतून मिळाली की बाहेरून आणावी लागली, कोणी पैसे मागितले का. उत्तरे टिपायची आणि त्यांवरून गावाचे प्रगतिपुस्तक करायचे. बरे असेल तेथे हिरवा रंग, मध्यम असेल तेथे पिवळा, वाईट असेल तेथे लाल. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही लाल रंग वाचता येतो. मग जनसुनावणी: समोर अधिकारी, खाली बसलेले गावकरी, आणि मध्ये तो रंगीत तक्ता.

अशा सुनावणीत भाषण होत नाही, हा आम्हांस तिचा मोठाच दोष वाटला. हाराचा पत्ता नाही, प्रास्ताविक नाही, अध्यक्षीय समारोप नाही. एक ठाकरीण उठते, पदर सावरते आणि विचारते:

‘साहेब, लोहाच्या गोळ्या कधी येणार?’

‘मावशी, मागणी वर पाठवलेली आहे.’

‘कधी पाठवली?’

‘मागच्या महिन्यात.’

‘त्याचा कागद दाखवा.’

साहेब कारकुनाकडे पाहतात, कारकून दप्तराकडे पाहतो, आणि एवढ्या वेळात बाई खाली बसत नाही. तीव्र आंदोलन छेडण्याची धमकी तिने दिलेली नसते. परिणामांस जबाबदार कोण, हेही ती सांगत नाही. ती केवळ उभी राहते. ‘सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे उत्तर, ज्याने आमच्या समितीस आजवर अनेकदा वाटेस लावले, ते ह्या बाईपुढे चालत नाही. कारण अखत्यारी म्हणजे काय हे तिला ठाऊक नसून गोळी नाही एवढेच तिला ठाऊक आहे, आणि ज्याच्याकडे ती नाही तो साहेब समोर बसलेला आहे. पुढच्या सुनावणीस तोच तक्ता, तीच बाई आणि तोच प्रश्न पुन्हा येणार, ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे साहेबांच्या दप्तरात तो कागद आपोआप तयार राहू लागतो. तक्त्यावरचा लाल रंग पिवळा होतो. पिवळ्याचा हिरवा होण्यास फार वेळ लागतो, आणि कधी कधी तो पुन्हा लाल होतो. परंतु त्याकडे कोणीतरी पाहत आहे, हे दवाखान्यास कळलेले असते.

ह्या साऱ्या व्यवहारात जिच्या पायांवर गावचे आरोग्य चालते ती म्हणजे आशा. शासनाने तिला ‘स्वयंसेविका’ ही पदवी बहाल केलेली असल्यामुळे पगार देण्याच्या पापातून ते मुक्त झाले असून, कामागणिक मोबदला, वर थोडे ठरीव मानधन आणि नोंदवह्यांचा एक गठ्ठा, एवढ्यावर ती गरोदर बायांस दवाखान्यात पोचविते, मुलांची वजने टिपते, क्षयरोग्यास गोळी गिळेपर्यंत सोडीत नाही, आणि मोबदला थकला की मोर्चास जाते. घाट चढणाऱ्या गाडीस कर्जतेस मागून इंजिने लावतात. खिडकीतील प्रवासी वडापाव खात पुढे पाहत असतो, आणि गाडी मागून कोण ढकलीत आहे ह्याची वार्ताही त्यास नसते. आशांचे आणि त्या तक्तेवाल्या बायांचे काम हे त्या मागच्या इंजिनांचे आहे. आमची समिती ही गाडीच्या पुढे, हार घालून, फलाटावर उभी असते.

आता मुख्य अडचण सांगावयाची ती अशी की, दवाखाना हा निवेदनाने जगत नाही, रुग्णाने जगतो. बाह्यरुग्ण विभागाच्या वहीत जितकी नावे चढतात तितके त्याचे वजन वरच्या कचेरीत वाढते. रुग्ण कमी म्हणून डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे धाडला जातो, आणि डॉक्टर नाही म्हणून रुग्ण आणखी कमी होतात. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे दवाखान्यास टाळे लावण्यास शत्रू लागत नाही, आमच्यासारखे हितचिंतक पुरतात. ह्यावर उपाय म्हणून शासनाने २०२३ सालच्या १५ ऑगस्टपासून आपल्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरापासून उपचारांपर्यंत सर्व काही निःशुल्क केले. परंतु त्यामुळे मध्यमवर्गाचा होता तोही विश्वास उडाला. ज्या औषधाचे पैसे पडत नाहीत त्याने गुण कसा येईल, हा प्रश्न आमच्या आळीत अद्यापि अनुत्तरित आहे. ज्या खाजगी डॉक्टराने पाच तपासण्या लिहून दिल्या त्याच्याबद्दल ‘डॉक्टर फार खोलात जातो’ असे अभिमानाने म्हणणारा मनुष्य, सरकारी डॉक्टराने ‘काही झालेले नाही, पाणी प्या’ असे सांगितले तर अपमान झाल्यासारखा घरी येतो.

समितीच्या अलीकडच्या बैठकीत, देवळाच्या सभामंडपात, हा विषय मास्तरांनी काढला. मास्तर तसे मवाळ. निवेदनांचे मसुदे करून करून त्यांस आपल्याच शेवटच्या वाक्याचा वीट आला असावा. ते म्हणाले, ‘अध्यक्षमहाराज, माझी एक सूचना आहे. पुढल्या महिन्यात आपल्यापैकी ज्याला ज्याला ताप, खोकला येईल, त्याने आधी सरकारी दवाखान्यात जाऊन नाव घालावे. बायकामुलांनाही तिथेच न्यावे. काय मिळाले, काय मिळाले नाही, ते लिहून आणावे. मग आपण त्यावर बोलू.’

सभेत तोवर दोघेतिघे खोकत होते. ते खोकायचे थांबले.

प्रथम वकीलसाहेबांनी, सूचना स्तुत्य असली तरी ती विषयपत्रिकेवर नसल्याचे निदर्शनास आणले. अध्यक्षांनी, आपले डॉक्टर घरोब्याचे असून त्यांस वाईट वाटेल, अशी वैयक्तिक अडचण नम्रपणे नमूद केली. निवृत्त तलाठ्यांनी, सूचनेची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावी आणि पहिला टप्पा सल्लागार मंडळापासून धरावा, असे सुचविले. सल्लागार मंडळातील दोघे जण त्यानंतर काही वेळाने चप्पल शोधू लागले. परंतु सर्वांत हृद्य विचार मांडला तो औषधविक्रेत्यांनी. ते म्हणाले, ‘मास्तर, तुमचा हेतू चांगला आहे. पण आपण सगळे तिथे गेलो तर रांग केवढी वाढेल, ह्याचा विचार केलात का? गरिबांनी मग जायचे कुठे?’ ह्या उद्गारांनी सभेस गहिवर आला. गरिबांसाठी आपण स्वतः सरकारी औषधांचा त्याग करीत आहोत, ही गोष्ट इतकी वर्षे कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

मास्तरांची सूचना पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाली. त्यानंतर चहा झाला, आणि चहानंतर एक ठराव मांडला जाऊन, टाळ्यांच्या गजरात व एकमताने, इतिवृत्तात नोंदविण्यात आला. त्याचा आशय असा की, शासकीय रुग्णालयातील रुग्णसंख्या दिवसेंदिवस घटत असल्याबद्दल ही सभा तीव्र चिंता व्यक्त करीत असून, ती वाढविण्याकरिता शासनाने तातडीने ठोस पावले उचलावीत. अन्यथा लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. ठरावाची प्रत घेऊन सोमवारी प्रांत कार्यालयात जावयाचे आहे. अप्पांस वेळेवर येण्याबद्दल आगाऊ कळविले आहे.